साच्यातली झोप

१

देऊळघाटहून बुलढाण्याकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याची एक लांबलचक शेड लागते. तिथं इमारतींची तोंडं तयार होतात. हसू नका, खरंच तसं आहे. बुलढाण्यात अलीकडे जी मोठी कामं निघतात ती आधी नुसती विटा-सिमेंटची उभी राहतात, आणि मग त्यांच्या अंगावर बाहेरून सिमेंटची तयार पॅनलं क्रेननं चढवून बोल्टनं कसतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं ते पॅनल. आतल्या इमारतीकडे कोणी बघत नाही.

धम्मशीला त्या शेडमध्ये साच्यांना तेल लावायची. साचा म्हणजे लोखंडाची मोठी परात समजा, चौकोनी, बैलगाडी मावेल एवढी. आतून घासून लखलखीत केलेली. तिला फडक्यानं पातळ तेल चोळायचं, मग सळयांची जाळी मांडायची, मग वरून सिमेंटचा कालवलेला माल ओतायचा. पॅनलचं तोंड साच्यात खाली असतं आणि पाठ वर. रात्रभर ते तसंच पालथं पडून राहतं. सकाळी क्रेननं उचलून उभं केलं की तेव्हा कुठं तोंड दिसतं. तोवर खाली काय घडलं ते कोणालाही कळायला मार्ग नसतो.

तेल बरोबर लागलं तर तोंड गुळगुळीत निघतं. जिथं तेल पुसलं गेलं तिथं सिमेंट लोखंडाला धरतं आणि पॅनलवर खरबडीत काळा डाग येतो. म्हणून पहिल्याच दिवशी ताकीद मिळते, की तेल लावलेल्या साच्यात पाय टाकायचा नाही. धम्मशीलाच्या हाताचा साचा आणि त्यावर डाग, असं कधी झालं नव्हतं. बाईला त्याचा थोडा तोराही होता.

तिचा नवरा देवानंद याच कंपनीत होता. तो सकाळी ट्रेलरबरोबर बुलढाण्याला जायचा आणि तिथं पॅनलं चढवायचा. पण मे महिन्यातल्या एका दिवशी ट्रेलरचं चाक बसलं आणि तो दुपारी यार्डातच अडकला. जेवण झाल्यावर सगळी मंडळी बाहेर कडुनिंबाखाली टेकली. देवानंद मात्र आत शेडमध्ये गेला. बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आणि सावलीतलं तेल लावलेलं लोखंड गारेगार. भल्या माणसानं रिकाम्या साच्यात उतरून मस्त ताणून दिली. शिट्टी झाली तेव्हा उठला, बाहीला लागलेलं तेल झटकलं आणि कोणाला काही न सांगता चाक लावायला निघून गेला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, साच्यात जाळी पडली आणि माल ओतला गेला.

२

दुसऱ्या दिवशी क्रेननं ते पॅनल उभं केलं आणि फोरमन कलीमभाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

पॅनलवर माणूस होता. म्हणजे माणसाचा डाग. उजव्या कुशीवर निजलेला, हात उशाला घेतलेला, एक गुडघा पोटाशी ओढलेला. गाल, खांदा, कोपर, मांडी, जिथं जिथं अंग टेकलं होतं तिथं तिथं सिमेंट काळं आणि खरबडीत.

"हा कोन झोपला माह्या साच्यात?" कलीमभाईंनी विचारलं.

ट्रेलरवर निघालेल्या देवानंदनं कान धरले. मंजुळाबाई, म्हणजे धम्मशीलाच्या जोडीला जाळी बांधणारी, पदर तोंडाला लावून हसली. "शीले, नवऱ्याचा फोटो काढला व माय तुह्या," ती म्हणाली. "घरी घेऊन जाय अन् दारात उभा कर."

धम्मशीलालाही हसू आलं, पण आधी रागच आला. तिनं पांढऱ्या सिमेंटचा हात मारून डाग झाकला. इमारतीच्या मागच्या बाजूला, जिकडे कोणी बघत नाही, तिकडे लावायला म्हणून ते पॅनल गेलं. घरी तिनं नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं आणि त्यानं हात जोडून माफी मागितली. विषय तिथं संपायला हरकत नव्हती.

३

त्याच साच्यातलं पुढचं पॅनल निघालं, तर त्यावरही तो होता.

तीच कूस, तोच उशाला घेतलेला हात. यावेळी कोणी हसलं नाही, कारण देवानंद दिवसभर बुलढाण्याला होता आणि कलीमभाई स्वतः त्याच्याशी फोनवर बोलले होते.

"साच्यानं तेल पेलं असंन," कलीमभाई म्हणाले. "माणसाचा घाम लागला का लोखंडावर डाग बसते. पॉलिश मारून घेऊ."

हे पटण्यासारखं होतं. धम्मशीलाला तर पटवून घ्यायचंच होतं. तिच्या सासरी उतारे, अंगारे, लिंबू-मिरची असलं काही चालत नसे. सासऱ्यांनी हयातभर गावोगाव हिंडून तेच सांगितलं होतं, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधा. तिनं कारण शोधलं. मशीन लावून साचा आतून घासून काढला, तेलाचा नवा डबा फोडला, फडकं नवं घेतलं. लोखंडात तोंड दिसायला लागलं तेव्हाच ती थांबली.

पुढच्या पॅनलवर डाग आला. फक्त उशाचा हात आता उशाला नव्हता. तो डोक्याखालून निघून पुढे आला होता.

धम्मशीला त्या पॅनलसमोर बराच वेळ उभी राहिली. घाम लागून डाग बसतो, हे ठीक. बसलेला डाग कूस कशी बदलेल, याला कारण सापडेना. तिनं कोणाला काही न सांगता सिमेंटचा हात मारला. मारताना तिला स्वतःची चीड येत होती.

४

घरी देवानंदचं काहीतरी बिनसलं होतं.

तो आळशी माणूस नव्हे. रविवारच्या सुट्टीतही काहीतरी ठोकत-ठाकत बसणारा. पण त्या आठवड्यात कामावरून आला की उंबऱ्यातच बसायचा. पाय धुवायला उठवावं लागायचं. घास तोंडात तसाच राहायचा.

"काय होऊन राह्यलं तुमाले?" तिनं विचारलं.

"काई नाई व. अंग जड पडलं. झोप आल्यावानी वाटते दिवसभर."

"मंग झोपा ना."

"झोपून बी जात नाई ते," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

तिनं त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक निघालं. उन्हाचा थकवा आहे म्हणाले आणि पाण्यात घालून प्यायच्या पुड्या दिल्या. धम्मशीलाला हायसं वाटलं. पण ते दुसऱ्या दिवशी पॅनल उभं राहीपर्यंतच.

यावेळी त्या डागाचा पंजा उघडा होता. पूर्ण तळवा साच्याला टेकवलेला, पाचही बोटं पसरलेली, आणि करंगळी टोकाला बाहेर वळलेली. देवानंदची करंगळी लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून तशी वळली होती. झोपलेला माणूस असा तळवा टेकत नाही. असा तळवा उठताना टेकतात.

तिच्या मनात तेव्हा जे आलं ते तिनं मंजुळाबाईलासुद्धा नीट सांगितलं नाही. इकडे साच्यातला उठत चालला होता आणि तिकडे घरातला बसत चालला होता. त्याचं काहीतरी रोज थोडं थोडं त्या लोखंडात जात होतं. आणि हा उठून उभा राहिला की तिच्या उंबऱ्यात काय उरेल?

"लिंबू उतरव माय त्याच्यावरून," मंजुळाबाई हळूच म्हणाली. तिनंही पंजा पाहिला होता. "मी आणून देतो. कोनाले कळत बी नाई."

"आमच्यात नाई करत ते, बाई."

"नाई करत तं नोको करू. पन काई तं कर."

५

काहीतरी म्हणजे काय, ते धम्मशीलानं ठरवलं. कोण झोपतं ते डोळ्यांनी बघायचं. दुसऱ्या दिवशी जेवायची सुट्टी झाली, शेड रिकामी झाली, तेव्हा ती डबा न उघडताच साच्याशेजारी सिमेंटच्या गोणीवर बसून राहिली.

दुपारच्या शेडला एक आवाज असतो. तापलेला पत्रा मधूनच टण् करून वाजतो. मिक्सर बंद असला तरी त्याच्या पोटात कुठंतरी खडा घरंगळतो. बाहेर माणसं बोलत होती, मंजुळाबाई कोणाला तरी लोणचं वाढत होती, आणि ते सगळं फार लांबून येत असल्यासारखं वाटत होतं. साच्यात तेल एकसारखं चमकत होतं. तिनं स्वतः लावलेलं, कुठं रेघ नाही, कुठं थेंब नाही.

कोणी आलं नाही. दारातून नाही, मागून नाही. तिला बरंच वाटायला लागलं. आपण उगाच खुळ्यासारखं बसलो, पोळी तरी खाऊन घ्यावी, असं म्हणून ती डब्याकडे वळणार, तेवढ्यात साच्यातली चमक एका जागी नाहीशी झाली.

वाटीएवढी जागा मंद झाली. तेल तिथून बाजूला सरकलं. पत्र्याला भोक असेल, ऊन फिरलं असेल, म्हणून तिनं वर पाहिलं. भोक नव्हतं. तिनं खाली पाहिलं तर दुसरी जागा मंद झाली होती, त्या वाटीच्या खाली, लांबट. गाल, आणि मग खांदा. त्यामागून कोपर आलं, हळूच, झोप न मोडता कूस बदलावी तसं. वरून काही टेकत नव्हतं. वर नुसती हवा होती आणि पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

पत्रा वाजायचा थांबला होता.

मग कडेजवळ, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, तळवा उमटला. बोटं पसरली. वळलेली करंगळी उमटली. तळव्याभोवतीचं तेल दबून बाहेर आलं, सगळा भार त्या हातावर आला असावा इतकं. दुसऱ्या गुडघ्याची जागा मंद व्हायला लागली.

"अहो," ती म्हणाली. आपण साच्याशी बोललो हे तिला नंतर कळलं.

गुडघा थांबला. ती शपथेवर सांगेल, तो थांबला. गालाची जागा जराशी फिरली, तिच्या बाजूला.

धम्मशीलानं फडकं उचललं.

६

पुढचं तिला सलग आठवत नाही. तेलाचा डबा तिनं उपडा केला आणि दोन्ही हातांनी तेल चोळत त्या जागा पुसायला सुरुवात केली. तिला येत होतं तेच काम तिनं केलं. करंगळी पुसली, तळवा पुसला, कोपर पुसलं. लोखंड तेवढ्या जागेत कोमट होतं. ते गार होईपर्यंत ती चोळत राहिली. गालाच्या जागी आली तेव्हा तिचा हात अडखळला. तिथं फडकं नीट सरकेना. लेकरू तोंड पुसू देत नाही, मान चुकवतं, तसं काहीतरी फडक्याखाली होतं. तिनं ओठ आवळले, रडू आलं तेही आवरलं, आणि तिथंही पुसलं.

मंडळी आत आली तेव्हा साचा आरशासारखा झाला होता. धम्मशीला कोपरापर्यंत तेलात, केस सुटलेले, धापा टाकत होती.

"वहिनी, तब्येत तं ठीक हाय ना?" कलीमभाईंनी विचारलं.

"ठीक हाय. ओता माल," ती म्हणाली. "माह्यासमोर ओता."

माल ओतला. जाळी मांडल्यापासून शेवटचं घमेलं पडेपर्यंत ती कडेला उभी राहिली.

सकाळी क्रेननं पॅनल उभं केलं. त्यावर डाग नव्हता. साधी रेघसुद्धा नव्हती, हवेचा बुडबुडाही नव्हता. कलीमभाईंनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, या यार्डात असं तोंड आजवर निघालं नाही, हे दर्शनी बाजूला लागेल. मंजुळाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. धम्मशीलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं.

७

देवानंद त्या दिवसापासूनच बरा झाला.

म्हणजे पुसलं त्याच दुपारपासून. तो घरी आला तोच शीळ घालत. जेवला, भाजी परत मागून घेतली.

"आज काय झालं कोन जाने," तो म्हणाला. "दुपारी असं वाटलं का कोनं तरी अंगावरचं पोतं उतरवलं. मले लय हलकं वाटून राह्यलं, शीला."

"खरंच?"

"हाव ना. वरतं चढलो तं बांधलेली फळी हालली बी नाई. पोट्टे म्हनते, तू आज काई खाल्लं का नाई?"

ती हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच माहीत. आपण बरोबर केलं, कोणाला न विचारता, लिंबू न उतरवता, आपल्या हातानं केलं, असं तिला वाटलं. साच्यातून नंतर निघालेली सगळी पॅनलं स्वच्छ होती. सासरे असते तर त्यांना तिनं सगळं सांगितलं असतं.

रविवारी सकाळी तिनं अंगणात पाण्याचा सडा टाकला. देवानंद बाहेरून भाजी घेऊन आला, पिशवी तिच्या हातात दिली आणि चपला काढून आत गेला. ती पिशवी घेऊन वळली. ओल्या मातीत फाटकापासून दारापर्यंत फक्त तिच्या स्वतःच्या पावलांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. तिनं दोनदा पाहिलं. तो कडेच्या दगडांवरून आला असेल, असं तिनं ठरवलं आणि भाजी निवडायला बसली. कडेला दगड नव्हते, हे तिला मेथी अर्धी निवडून झाल्यावर सुचलं. तरी ती उठली नाही. उरलेली मेथी तिनं नीट निवडली.

८

दुपारी जेवणं झाली. देवानंद आतल्या खोलीत कूलर लावून बाजेवर पडला. कूलरचा सगळा वारा बाजेवरच यायचा. थोड्या वेळानं भांडी घासून धम्मशीलाही त्याच्या बाजूला आडवी झाली.

बाज जुनी होती आणि तिची नवार ढिली झालेली होती. लग्नापासून त्या बाजेवर एकच तक्रार होती, की तो आधी निजला की मधे खड्डा पडायचा आणि ती आपोआप घरंगळून त्याच्या अंगावर जायची. तो चिडवायचा, तिला खोटं रागवावं लागायचं.

आज ती घरंगळली नाही.

ती जिथं आडवी झाली तिथंच राहिली. तिच्या खाली नवार वाकली होती. त्याच्या खाली ती ताणलेली होती, सपाट, विणली तेव्हा होती तशी. तो उजव्या कुशीवर गाढ झोपला होता आणि त्याचा खालचा हात चादरीवर पडला होता. त्या हाताखाली चादरीला एक चुणी नव्हती. उशी फुगलेली होती आणि तिच्यावर त्याचं डोकं होतं.

तिनं त्याच्या नाकाशी बोटं धरली. श्वास येत होता, ऊन ऊन. छातीवर हात ठेवला, ठोके पडत होते. माणूस होता. तिचाच होता. कानामागचा तीळ होता, वळलेली करंगळी होती. तिनं कारण शोधलं. पुष्कळ वेळ, डोळे मिटून, सासऱ्यांनी शिकवलं तसं शोधलं. तिला फडक्याखाली मान चुकवणारा तो गालच फक्त आठवत राहिला. तो तिच्याकडे वळला होता. उठून तिच्याकडेच यायला निघाला असेल का, असं तिला आता पहिल्यांदा वाटलं, आणि वाटल्याबरोबर तिनं तोंडात पदर कोंबला.

कूलरच्या वाऱ्यानं चादरीचं टोक उडत होतं. त्याच्या शर्टाची बाही उडत होती. मग तिनं पाहिलं की बाहीबरोबर हातही हलतो आहे. थोडासाच. झोपेत माणूस हात हलवतो तसा नाही.

ती आवाज न करता उठली आणि तिनं कूलर बंद केला.

खोली लगेच तापायला लागली. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता, जाहिरातीतलं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काऊन बंद केला व?" देवानंद झोपेत पुटपुटला.

"लाईन गेली," धम्मशीला म्हणाली.

मग तिनं खिडकी लावली, कडी घातली, आणि परत बाजेवर येऊन आपला हात आणि पाय त्याच्या अंगावर टाकले, जेवढा भार देता येईल तेवढा देऊन.